डाव्या बाजूचं इंजिन

पुंजाराम मिस्तरींनी बोटीत पहिलं पाऊल टाकलं ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि टाकताच ती डुलली म्हणून त्यांनी जवळचा खांब घट्ट धरला. आडगाव नाक्यावरच्या त्यांच्या गॅरेजात बत्तीस वर्षांत ट्रक आणि ट्रॅक्टर सोडून तिसरं काही आलं नव्हतं. गाडी फाटकातून आत यायच्या आधी कितवा गिअर ओरडतोय ते ते चहाचा कप खाली न ठेवता सांगत. गिअरबॉक्स म्हटला की पुंजाराम, एवढं नाव त्यांनी कमावलं होतं. त्या नावापायीच पुतळाबाई त्यांना धरणावर घेऊन आली होती.

पुतळाबाई धोंडेपाड्याच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. साठीला आलेली, कडक, कमी उंचीची बाई. धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे धोंडेपाडा आणि पलीकडे करंजपाडा. मधलं पाणी जेमतेम अडीच किलोमीटर, पण रस्त्यानं वळसा एकतीस किलोमीटरचा. करंजपाड्याची मुलं आठवीनंतर शिकायची ती इकडच्या नातेवाइकांच्या घरी राहून, आणि तिकडची भाजी नाशिकच्या बाजारात पोचेपर्यंत माना टाकायची. डोंग्या होत्या, पण डोंगीतून माणसांची वाहतूक करायला परवानगी नव्हती.

बोट होती ती एका बंद पडलेल्या रिसॉर्टची. छत्तीस फूट लांब, चाळीस वर्षं जुनी, लाकडी केबिनची मोटार यॉट. मालकानं ती कधीकाळी मुंबईहून ट्रेलरवर घालून कसारा घाटातून वर आणली होती आणि तिला बायकोचं नाव दिलं होतं, सुलोचना. रिसॉर्ट बंद झाल्यावर सुलोचना सात वर्षं काठाला बांधून पडली होती. शेवटी सोसायटीनं ती मागून घेतली. तिची तपासणी शुक्रवारी ठरली होती. पास झाली तर फेरी सुरू करायचा परवाना मिळणार होता. नापास झाली तर महिनाअखेर ती पाण्याबाहेर ओढून भंगारात जाणार, कारण धरणाचं पाणी शहर पितं आणि तेल गळणारी मेलेली बोट तिथं कुणी राहू देणार नव्हतं. दुसरी तारीख मिळणार नाही, असं तपासणीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

मुंबईहून एक जण येऊन बघून गेला होता. इंजिनं ठीक आहेत, पण दोन्ही गिअरबॉक्स कुठल्या बनावटीचे तेच कळत नाही, काढून टाका आणि नवे घ्या, असं सांगून तो गेला.

"कळत नाय म्हंजे काय," पुतळाबाई पुंजाराम मिस्तरींना म्हणाली होती. "लोखंडच हाय ना. तुमी लोखंडाचे डॉक्टर म्हणत्यात."

आदल्या शनिवारी मिस्तरी बोटीच्या पोटात उतरले. फळ्या उचलल्यावर खाली दोन इंजिनं शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक गिअरबॉक्स. त्यातून निघालेला शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर जाऊन पंखा फिरवत होता. मिस्तरींना वाटलं होतं त्यापेक्षा हे डबे फारच लहान होते. पुढे-मागे आणि मधे न्यूट्रल, बस. पाच-सहा गिअर नाहीत, क्लचचं पेडल नाही.

ओळख पटवायची म्हणजे पाटी शोधायची. डब्यावर निळा, पांढरा आणि राखाडी असे रंगाचे तीन थर होते. मिस्तरींनी थिनरचा बोळा आणि जुनं ब्लेड घेतलं आणि अर्ध्या तासात एका कडेला चार रिव्हेट मारलेली पितळी पट्टी उघडी पाडली. अक्षरं झिजली होती. त्यांनी वहीचा कागद तिच्यावर ठेवून पेन्सिल आडवी घासली, लहान मुलं नाण्याचं चित्र काढतात तशी. मॉडेलचा नंबर कागदावर उमटला. इंजिनाच्या किती फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा, त्या गुणोत्तराचे आकडे होते तिथं मात्र नुसता खड्डा होता.

मग त्यांनी तेलाची पट्टी ओढली. काळं, चिकट, मधासारखं तेल. वास घेतल्याबरोबर त्यांनी ओळखलं, हे नव्वद नंबरचं. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये पडतं ते. त्यांनी स्वतःही हेच घातलं असतं. पण झाकणाच्या आट्यांमध्ये त्यांना लाल डाग दिसला आणि हात थांबला. पॉवर स्टेअरिंगचं पातळ लाल तेल असं वाळतं. ते बराच वेळ तो डाग बघत बसले. क्लचला पेडल नाही, म्हणजे क्लच दाबायला दुसरं काहीतरी हवं. आत पंप असणार, तो तेल दाबणार आणि तेल प्लेटा दाबणार. मधासारखं तेल तिथं काय वेळेवर पोचणार? रिसॉर्टच्या कुणीतरी गिअरबॉक्स दिसला म्हणून नव्वद ओतलं होतं.

दोन्ही डबे दोन-दोनदा धुवून त्यांनी लाल तेल भरलं. त्या दिवशी उजवं इंजिनच चालू होत होतं, डाव्याचा सेल्फ नाशिकला वाइंडिंगला गेला होता. बोट दोरांनी चारीकडून बांधली. पुतळाबाईचा दीर फकिरा, जो पुढे बोट चालवणार होता, त्याला मीटरवर लक्ष ठेवायला सांगितलं. मिस्तरींनी शाफ्टवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, उजवं इंजिन पुढच्या गिअरमध्ये टाकायला लावलं आणि मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढला. इंजिन मिनिटाला सहाशे तीस फेरे. ठिपका सेकंदाला पाच वेळा वर येत होता, म्हणजे मिनिटाला तीनशे. सहाशे तीसला तीनशेनं भागलं तर दोन पूर्णांक एक. मॉडेल आणि गुणोत्तर दोन्ही हातात आल्यावर मुंबईच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं फोनवरच सांगितलं, हा मिळतो, याची सीलं माझ्याकडं पडून आहेत.

मिस्तरींची छाती जरा रुंद झाली. मुंबईवाल्याला जे ओळखता आलं नाही ते आडगाव नाक्यानं ओळखलं होतं. त्यांनी हे फकिराला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा फकिरा म्हणाला, "व्हय मिस्तरी, ऐकलं. आता माशांना सांगा."

सीलं मंगळवारी आली. दोन्ही डब्यांचं पुढचं सील गळत होतं. ते पंपाच्या झाकणात बसतं आणि पंप इंजिनाच्या बाजूला, त्यामुळे अख्खा डबा मागे सरकवून काढल्याशिवाय हात पोचत नाही. बुधवारी सकाळपासून त्यांनी आधी उजवा काढला, सील बदललं, पंप चार बोल्टांनी जसा होता तसा बसवला. मग डावा काढला. आणि बघतात तर डाव्याचा पंप फिरवून बसवलेला. उजव्याशी ताडून पाहिलं, चक्क उलटा. मिस्तरींनी आधीच्या अनोळखी कारागिराला मनसोक्त शिव्या घातल्या. दोन सारखे डबे, आणि एकाचं झाकण असं अन् एकाचं तसं, लाज वाटायला हवी होती, असं ते फकिराला सांगत राहिले. त्यांनी पंप उजव्यासारखा नीट बसवला, डबा जागेवर लावला, बोल्ट आवळले. डाव्याचा सेल्फही वाइंडिंग होऊन आला होता.

संध्याकाळी दोन्ही इंजिनं सुरू केली. उजवं पुढच्या गिअरमध्ये टाकलं, तर बांधलेले दोर ताठ झाले. डावं टाकलं, तर काहीच नाही. इंजिन फिरत होतं, शाफ्ट जागच्या जागी. मागच्या गिअरमध्येही तेच. मिस्तरींनी दोन मिनिटांत इंजिन बंद करायला लावलं. तेल पाहिलं, पुरेसं होतं. लिव्हरला गिअरच्या जागी अडकवून धरणारी गोळी खळग्यात बरोबर बसते का ते पाहिलं, बसत होती.

गुरुवारी त्यांनी नाशिकहून प्रेशर गेज आणला आणि दोन्ही डब्यांना आळीपाळीनं लावला. उजव्याला काटा झटकन वर गेला. डाव्याला शून्यावरून हललासुद्धा नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, पंप गेला असणार, डबा पाठवून द्या, तीन आठवडे लागतील.

तीन आठवडे म्हणजे भंगार. मिस्तरी फळीच्या कडेवर पाय खाली सोडून बसले. हा पंप काल त्यांच्याच हातात होता. दाते कोरे करकरीत, कुठं घासलेला नाही. असा पंप तेल का ओढत नाही? आणि सोसायटीची दोन वर्षांची खटपट आपल्या हातून बुडणार की काय, हे मनात आलं तसं त्यांना त्या डुचमळत्या पाण्याकडे बघवेना.

पुतळाबाई मागच्या कडेला जाळं शिवत बसली होती. तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि तेच मिस्तरींना जास्त लागत होतं.

"बाई," ते म्हणाले, "ही बोट रिसॉर्टवाल्याकडं असताना दोन्ही इंजिनांवर चालत होती ना? की एकावरच ढकलत होते?"

"दोन्हीवर. म्या डोंगीत असायची, ही अंगावरून जायची. मागनं पाण्याचा हा असा ढीग यायचा." तिनं जाळं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे करून ते एकमेकांच्या उलट फिरवले. "दोन पंखे. ह्यो असा, त्यो तसा. त्याच्यामुळं नाक सरळ राहातं, वाकडं जात नाय. रिसॉर्टवाला सांगायचा."

"ते असेल बाई. पण ते डब्याच्या आतून उलटं होतं. इंजिन काय उलटं फिरत नसतं."

"बघितलंत तुमी?"

मिस्तरींनी खाली इंजिनांवर टॉर्च मारली. बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो इंजिनं पाहिली होती. सगळी एकाच दिशेनं फिरत. त्यांत बघण्यासारखं काही असतं हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. उजव्या शाफ्टचा ठिपका मोजला होता. डाव्याचं तसंच असणार म्हणून धरून चालले होते.

त्यांनी पुतळाबाईच्या जाळ्यातला लाल दोरा मागून घेतला. दोन्ही इंजिनांच्या पुढच्या बाजूला पट्टे फिरवणाऱ्या पुलीवर पत्र्याचं झाकण होतं. ती झाकणं काढली, दोन्ही पुलींना एकेक तुकडा बांधला आणि फकिराला सांगितलं, आधी उजव्याचा सेल्फ नुसता मार आणि सोड. दोरा घड्याळाच्या काट्यासारखा वरून उजवीकडं पडला. आता डाव्याचा. दोरा वर आला आणि डावीकडं पडला.

"परत मार," मिस्तरी म्हणाले.

फकिरानं परत मारला. परत डावीकडं.

मिस्तरींनी टॉर्च विझवली. मग ते हसायला लागले. फकिराला वाटलं, माणूस कामातून गेला. पण मिस्तरींना पंपाच्या झाकणावरचे दोन बाण आठवले होते, एक इकडं आणि एक तिकडं तोंड केलेला. काल पुसताना दिसले होते आणि ओतकामाची खूण म्हणून त्यांनी सोडून दिले होते. पंप ज्या दिशेनं फिरणार त्या दिशेचा बाण वर यायला हवा. उलट बसवला तर तो तेल आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलत राहणार. इंजिनं मुळातच उजवं-डावं जोडीनं बनवलेली होती.

"बाई," ते म्हणाले, "तो आधीचा कारागीर माझ्यापेक्षा शहाणा होता. त्यानं बरोबर बसवलेला पंप मी काल उलटा केला. चूक माझी आहे."

पुतळाबाईनं दाताखाली दोरा धरून तोडला. "काल त्याला शिव्या घातल्या त्या परत घ्या मग. आन् कामाला लागा. साहेब उद्या अकराला येनार."

दुपारचा एक वाजला होता. शाफ्टची जोडणी सोडवली, शाफ्ट हातभर मागे सरकवला, इंजिनाला धरलेले बोल्ट काढले. डबा साठ किलोचा. मिस्तरींनी खाली वाकून आणि फकिरानं वरून पट्ट्यानं तोलून तो बाहेर घेतला. चार बोल्ट, पंप सुटला. आत दाते पाहिले, दोन मिनिटांत इंजिन बंद केल्यामुळे चरा पडला नव्हता. मिस्तरींनी डाव्या फिरतीचा बाण वर आणला, बोट ठेवून पाहिला, फकिराला दाखवला आणि मग पुतळाबाईला खाली बोलावून तिलाही दाखवला. तिघांची खात्री झाल्यावर बोल्ट आवळले. उन्हं करंजपाड्याच्या डोंगरावर गेली तेव्हा गेज जोडून झाला होता.

इंजिन सुरू झालं. काटा शून्यावर थरथरला, मग वर चढला आणि उजव्याच्या आकड्याला येऊन थांबला. फकिरानं लिव्हर पुढे टाकला आणि डाव्या बाजूचे दोर ताठ झाले. मिस्तरींनी इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं आणि लगेच तेलाची पट्टी ओढली, कारण थंड झाल्यावर तेल गार करणाऱ्या कूलरमधलं तेल परत डब्यात उतरतं आणि पट्टी खोटं बोलते. पातळी बरोबर होती. तेल स्वच्छ लाल होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे कूलरमधून पाणी शिरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या शाफ्टलाही पांढरा ठिपका दिला आणि व्हिडिओ काढून मोजलं. दोन पूर्णांक एक. मग त्यांनी कागदावर दोन रकाने आखून दोन्ही बाजूंची मापं लिहिली.

शुक्रवारी अकराला तपासणीचे गायधनी साहेब आले. चष्मा, हातात फाइल, घाईत बोलणारे. काठावर धोंडेपाड्याची निम्मी वस्ती जमली होती. साहेबांनी जाकिटं मोजली, आग विझवायच्या बाटल्या पाहिल्या, मग पोटात उतरून पांढरा रुमाल दोन्ही डब्यांखाली पुसला. रुमाल कोरा निघाला. दोर सोडून बोट मोकळ्या पाण्यात गेली. सरळ चाल, गोल चाल, आठचा आकडा. भर वेगात असताना साहेब एकदम म्हणाले, मागे घ्या. फकिरानं आधी वेग उतरवला, क्षणभर न्यूट्रल, मग दोन्ही लिव्हर मागे. सुलोचना थरथरली आणि बघता बघता जागेवर थांबली.

"आता सुकाणूला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "एक पुढे, एक मागे. इथल्या इथं फिरवून दाखवा."

फकिरानं पुंजाराम मिस्तरींकडं पाहिलं. मिस्तरींनी मान हलवली. उजवा लिव्हर पुढे गेला, डावा मागे. छत्तीस फुटांची बोट पाण्याची फारशी खळबळ न करता स्वतःभोवती फिरायला लागली. नाकासमोरून धोंडेपाडा गेला, धरणाची भिंत गेली, करंजपाडा गेला आणि परत धोंडेपाडा आला. एक फेरा पुरा झाल्यावर फकिरानं लिव्हर बदलून उलटा फेरा घेतला. तो साहेबांनी मागितला नव्हता.

साहेबांनी गिअरबॉक्सची माहिती विचारली, मिस्तरींनी पेन्सिलीचा छाप आणि रकान्यांचा कागद दिला. साहेबांनी दोन्ही बाजूंचे आकडे बोटानं वाचले. म्हणाले, बहुतेक लोक एकच मोजतात आणि दुसऱ्याला तेच लिहून टाकतात.

"मीही तेच केलं होतं साहेब," मिस्तरी म्हणाले. "उजव्याचं मोजलं, डाव्याचं धरलं. त्यात काल अख्खा दिवस गेला. आता दोन्ही मोजलीत."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं. "गॅरेज कुठं तुमचं?"

"आडगाव नाका. ट्रकचं."

"ट्रकचं," साहेब म्हणाले आणि फाइलवर सही केली. बावीस उतारूंची परवानगी, बोटीवर काम करणारी माणसं वेगळी, वर्षभरासाठी.

त्यानंतर पुतळाबाईनं कुणाला श्वास घेऊ दिला नाही. साहेबांची जीप वळणाआड गेली तशी तिनं फकिराला बोट करंजपाड्याकडं काढायला लावली. रस्त्यानं एसटीला सव्वा तास लागत होता. सुलोचनाला तेरा मिनिटं लागली. तिकडच्या काठावर साठ-सत्तर माणसं उभी होती. वांग्यांच्या पाट्या, दप्तरं, एक शेळी. पुतळाबाई बोटीच्या नाकाशी उभी राहून मोजून एकेकाला आत घेत होती. बावीस झाल्यावर तिनं हात आडवा धरला. तेविसावा तिचा सख्खा भाऊ मंगळू होता.

"अगं मी हाय," मंगळू म्हणाला.

"दिसतोस. दुसऱ्या खेपेला ये."

पुंजाराम मिस्तरी अजून खाली पोटात होते. फळी उघडी ठेवून ते दोन्ही डब्यांना आळीपाळीनं हात लावून पाहत होते, आणि दोन्ही सारखेच कोमट होते. वरून फकिराचा आवाज आला की लोकं मिस्तरीला बघायचं म्हणतात, वर या. मिस्तरी तेलकट हात फडक्याला पुसत वर आले. बावीस तोंडं त्यांच्याकडं वळली. वांग्यांच्या पाटीवर हात ठेवून बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, ही रोज येनार का. मिस्तरींनी पुतळाबाईकडं पाहिलं. पुतळाबाईनं त्यांच्याकडं.

"रोज," मिस्तरी म्हणाले. "सकाळी तेल बघायचं, पंधरवड्याला मी येतो. रोज येईल."

म्हातारीनं पाटीतलं एक वांगं काढून त्यांच्या हातात ठेवलं. फकिरानं दोन्ही लिव्हर पुढे टाकले. मागे पाण्याचा ढीग उठला, बरोबर मधोमध, आणि सुलोचनाचं नाक धोंडेपाड्याकडं सरळ राहिलं.